सावडीची लावण

संपतरावाचं पत्र पितृपक्षात आलं, आणि दिवाळी होऊन गेली तरी मी त्याला उत्तर लिहिलं नव्हतं.

संपतराव माझा चुलत भाऊ. येवल्याच्या बाजूला आमचं गाव. तिथं त्याची आणि माझी जमीन एकाच बांधाला लागून आहे, विहीर सामाईक. मी दिल्लीत आल्यापासून माझं रानही तोच कसतो. आता त्याला अजिबात ऐकू येत नाही, त्यामुळे फोनचा उपयोग नाही. तो लिहितो. अक्षर मोठं, ओळी वर चढत गेलेल्या.

"नरसू, बी काढून ठेवलं आहे. दसऱ्याला रोप टाकतो. पण लावायला माणूस नाही. टोळीवाले त्यांच्या सोयीनं येतात, तोवर रोप पिवळं पडतं. सावड करणारं घर गावात राहिलं नाही. तू आणि भानुमती आलात तर तिघं मिळून होईल तेवढं लावू. आपलं बघून दोन-चार घरं परत सावडीला येतील. नाही आलात तर यंदा विहिरीवरची मोटर काढतो आणि लेकीकडं राहायला जातो. मग तुझंही रान पडीक पडेल, त्याला माझा इलाज नाही. काय ते कळव."

सावड म्हणजे आज तुम्ही माझ्या रानात राबायचं, उद्या मी तुमच्या. मजुरी नाही, हिशेब नाही. माणसाच्या बदल्यात माणूस. हे मला ऐकून माहीत. अभ्यासात बरा म्हणून वडील मला रानात नेत नसत; आमच्या घराच्या वतीनं सावडीला संपतच जायचा. मी पुढं एका सरकारी खात्याच्या ग्रंथालयात लागलो, पुस्तकांवर नंबर घालण्यात नोकरी गेली, सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये संसार झाला. आता द्वारकेत मुलाकडे राहतो. सत्तरी उलटली आहे. उभ्या आयुष्यात मी कांद्याचं एक रोप लावलेलं नव्हतं. 'येतो' असं लिहावं, तर तिथं बांधावर हसं व्हायचं. 'येत नाही' असं लिहायला बसलो की पहिल्या ओळीपुढं पेन जात नसे.

माझी बायको भानुमती सिन्नरच्या शेतकरी घरातली. तिनं पत्र वाचलं, घडी घालून देवाच्या फोटोमागं ठेवलं आणि म्हणाली, "आपल्याला झेपतं का, ते आधी इथंच बघू या की."

नजफगढच्या पुढं ओमबीर नावाच्या जाटानं आपल्या शेताचे तुकडे पाडून फ्लॅटमधल्या लोकांना भाजीपाल्यासाठी भाड्यानं दिले आहेत. तसा एक तुकडा आम्ही घेतला आणि पत्राच्या आठवड्यातच कोपऱ्यात बी टाकलं. मुलाला, केतनला, सांगितलं की विरंगुळा म्हणून घेतलाय. तो म्हणाला, "बढिया आहे बाबा. फ्रेश एअर मिळेल."

नोव्हेंबर लागला तेव्हा रोप वीतभर झालं होतं. हवा मात्र फ्रेश नव्हती. सकाळी रिक्षातून उतरलो की घशात जळक्या काडाचा वास बसायचा. डोक्यावरून विमानं उतरत असायची; धुरात ती दिसत नसत, नुसता आवाज अंगावरून जायचा.

लावणीच्या दिवशी ओमबीर मोटरच्या खोलीशी दातून करत बसला होता.

"ताऊ, इब कौण प्याज लगावै सै? यहाँ तो पूस में लगाते हैं. अभी लगाओगे तो ठंड में फूल निकल आवेगा. गाँठ नहीं बनेगी."

डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे येतील, असं त्याचं म्हणणं. ते खरंही असावं. कांदालागवडीवरचं एक पुस्तक मी मिळवलं होतं, त्यातही तसंच लिहिलेलं होतं. मी थांबलो. भानुमती थांबली नाही.

"भैया, हमको प्याज खाने का नहीं है," ती म्हणाली. "पानी कब छोड़ोगे?"

"लाइट दोपहर तक है. आज तुम्हारी बारी, फिर अगले हफ्ते. अब खाने का नहीं है तो लगा क्यूँ रही हो ताई?"

तिनं पदर खोचला आणि वाफ्याची ढेकळं फोडायला घेतली.

मी रोपाकडं गेलो. तिनं मला एवढंच सांगितलं होतं, की थोडं थोडं रोप उपटून आणून द्या. मी विचार केला, पाणी सुटल्यावर धावपळ होईल, त्यापेक्षा सगळं आत्ताच उपटून ठेवावं. काम हातासरशी होत होतं आणि मला बरं वाटत होतं. मुळ्यांची माती झाडून मी जुड्या ओळीनं मांडल्या, फडताळात पुस्तकं मांडावीत तशा. शेवटची जुडी ठेवली आणि मागं भानुमतीची सावली पडली.

"सगळं उपटलंत?"

"म्हटलं, सोयीचं होईल."

"अहो, हे आज संध्याकाळच्या आत मातीत नाही गेलं, तर उद्या गवत आहे गवत. आणि लावणारे हात किती? माझे दोन."

तिनं माझे हात मोजलेच नाहीत, हे मला ऐकू आलं. ती चुकून बोलली नव्हती.

इथले लोक कोरड्यात लावतात आणि मग पाणी देतात. आमच्याकडं वाफा पाण्यानं भरून चिखलात रोप दाबतात, ओल्यातली लावण. संपतरावाच्या रानात तशीच करायची, तर इथंही तशीच, असं भानुमतीचं म्हणणं. पाणी सुटलं. आम्ही चपला बांधावर ठेवून वाफ्यात उतरलो. चिखल इतका गार होता की घोट्यापाशी कुणीतरी दोरी आवळल्यासारखं झालं. ती उकिडवी बसली आणि तिचा अंगठा चालू झाला. डाव्या हातात जुडी, उजव्या हातानं एक एक रोप सोडवायचं, मुळी अंगठ्याखाली धरून चिखलात सारायची, पुढं.

मला उकिडवं बसता येत नाही. मी घरून प्लास्टिकचा छोटा स्टूल आणला होता, शिवाय पट्टी. पुस्तकात दोन रोपांतलं अंतर सेंटिमीटरमध्ये दिलेलं होतं. एक ओळ झाली. दुसरी अर्धी झाली. मग स्टूलचा एक पाय चिखलात गेला, आणि मी सावकाश, थांबवता न येण्यासारखा, कुशीवर कलंडलो.

मोटरपासून ओमबीरचं हसू आलं. "ताऊ, कुर्सी बो दी के?"

भानुमतीनं मला हात देऊन बसतं केलं. ती हसली नाही, आणि ते मला जास्त लागलं. मी पुन्हा लावू लागलो. जरा वेळानं मान वळवली तर ती माझ्या ओळीवर होती. मी लावलेलं एक एक रोप उपसून ती परत लावत होती.

"काय चुकलं?"

"काही नाही."

"सांग ना."

"मुळी वर वळतेय तुमच्याकडून. तशी राहिली तर जीव धरत नाही. लावा तुम्ही, मी बघते मागून."

म्हणजे माझ्यामुळं तिचं काम दुप्पट होत होतं. मी उठायला गेलो तर कंबरेत चमक निघाली आणि तोंडातून आवाज गेला. तिनं वर पाहिलं. घामानं आणि चिखलानं तिचा चेहरा आखडलेला होता.

"ओरडू नका. तो बघतोय."

दुपारी लाइट गेली. पाणी बंद झालं. अर्ध्याहून जास्त रोप बांधावर ओल्या पोत्याखाली पडलेलं, आणि वाफा वरून सुकायला लागलेला. भानुमतीचा अंगठा पांढरा पडून सुरकुतला होता. डबा उघडायचं तिनं नावच काढलं नाही.

तेवढ्यात शेजारच्या तुकड्यावर ममता आली. ही माणदेशातली, नवरा फौजेत, त्या वर्षी सिक्कीमला. ती कॅन्टोन्मेंटच्या क्वार्टरमध्ये राहायची आणि स्कूटीवरून यायची. आमची ओळख 'काय काका, बरं का' एवढीच. तिनं हेल्मेट काढलं, आमच्याकडं पाहिलं, पोतं उचलून खालचं रोप पाहिलं.

"आगंबाई! हे समदं एकदम कुणी उपटलं?"

मी म्हणालो, "मी."

"काका, रोपावर राग काढला का काकूंवर?" असं म्हणत तिनं सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली, ओढणी डोक्याला गुंडाळली आणि वाफ्यात उतरली.

"अगं, तुझं काम आहे ना," भानुमती म्हणाली.

"माझा लसूण उद्या लावायचाय. तुम्ही दोघं या उद्या. सावड करू."

तो शब्द दिल्लीत मी पहिल्यांदाच ऐकला. भानुमतीच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम सैल झाला. "येतो की," ती म्हणाली. "दोघंही येतो."

मग त्या दोघींचे अंगठे चालले. मी बादलीनं टाकीतलं पाणी आणून सुकलेल्या जागी ओतत राहिलो. दर खेपेला बादली थोडी कमी भरत होतो. ममताची जीभ हातापेक्षा जोरात चालत होती. सासू फोनवर काय बोलते, क्वार्टरमधली बिहारी शेजारीण लसूण कसा मागून नेते. भानुमती मधूनच हसायची. घरी ती अशी हसलेली मला आठवत नव्हती. सूर्याचा तांबडा गोळा धुरात विरला तेव्हा शेवटची जुडी संपली.

केतन मानेसरच्या ऑफिसातून परस्पर आम्हाला न्यायला आला. पॉलिश केलेले बूट बांधावर जपून टाकत तो पुढं आला.

"आई, काय हालत केलीयेस! बाबा, चला." त्याची नजर ममताकडं गेली. ती पायांचा चिखल खरडत होती. त्यानं गाडीची डिकी उघडली. सोसायटीच्या गार्डांना वाटून उरलेले सोनपापडीचे डबे तिथं होते. त्यातला एक त्यानं तिच्यापुढं धरला.

"रख लो दीदी. बच्चों के लिए. दिवाली का है."

ममतानं डबा घेतला नाही. हातातली काडी तिनं टाकली.

"दादा, सावड डब्यानं फिटत नाही," ती मराठीत म्हणाली.

केतनला शब्द कळला नाही, पण मराठी कळलं. त्याचे कान लाल झाले. "सॉरी, मला वाटलं..."

"काय वाटलं ते कळलं." तिनं हेल्मेट घातलं. "काकू, उद्या सकाळी."

मी तिथंच उभा होतो. बोलायला हवं होतं, 'केतन, ही आपल्या सावडीची बाई आहे' एवढंच. वाक्य जुळेपर्यंत स्कूटी रस्त्याला लागली होती. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मनात एक हलकटपणाही चमकून गेला, की तिनं डबा घेतला असता तर उद्या जायला नको होतं.

गाडीत बसताना पाय उचलेना. केतननं मला काखेत धरून आत सारलं.

जेवताना भानुमतीनं त्याला सगळं सांगितलं. पत्र, संपतराव, डिसेंबरातली लावणी. मी पाठीला गरम पाण्याची पिशवी लावून ऐकत होतो.

"म्हणजे हे सगळं टेस्ट होती?" केतन म्हणाला. "मग रिझल्ट तर आला ना, आई. बाबांना मी उचलून गाडीत ठेवलंय. तिथं कोण उचलणार? तो बहिरा काका?"

"काका आहेत तुझे ते. नीट बोल."

"नीटच बोलतोय यार! तिथं जवळ हॉस्पिटल आहे का? बाबा, तुम्ही सांगा. झेपलं तुम्हाला?"

"नाही," मी म्हणालो.

भानुमतीनं हातातला घास ताटात ठेवला.

"चलो. झालं मग," केतन म्हणाला. "उद्याही कुठं जायचं नाही. त्या दीदींना मी फोनवर सॉरी म्हणतो."

"फोनवर," भानुमती म्हणाली, आणि उठून बेसिनशी गेली. नळ बराच वेळ वाहत राहिला.

सकाळी ती माझी वाट न बघता साडी नेसली, डबा बांधला. कॉटवरून उतरायला मला भिंत धरावी लागली. ती दाराशी उभी राहून बघत होती.

"तुम्ही नका येऊ. मी सांगते तिला, बरं नाही म्हणून."

"तू दोघांचं कबूल केलंयस."

"केलंय खरं. मग तुमच्या वाट्याचंही मी करीन. मला काय."

लहानपणीही असंच असायचं. आमच्या वाट्याचं कुणीतरी करायचं. मी म्हणालो, "थांब, सदरा घालतो."

केतननं हॉलमधून पाहिलं. "बाबा, मी काल काय बोललो?" मी भिंतीला टेकून बूट घातले. तो दारात आडवा आला नाही, पण रिक्षापर्यंतही आला नाही.

ममताचा वाफा तयार होता. मला पाहून ती म्हणाली, "आलात? मला वाटलं, पोरगं सोडत नाही." आवाजात कालची धार थोडी शिल्लक होती.

"काल त्याचं चुकलं," मी म्हणालो. "आणि मी तिथं उभा असून बोललो नाही."

"जाऊ द्या. या वाफ्यात."

"ममता, मला वाकता येत नाही. कंबर धरलीय. आलोय, पण लावता येणार नाही." एवढं बोलताना मला घाम आला.

ती कमरेवर हात ठेवून माझ्याकडं बघत राहिली. परत पाठवेल, असं वाटलं. मग तिनं पोत्याकडं बोट केलं. "लसूण फोडून द्याल? पाकळ्या सुट्ट्या करायच्या. बारक्या वेगळ्या, मोठ्या वेगळ्या, मोठ्याच लावायच्या. आणि खालची चकती तुटू द्यायची नाही, तिथनं मूळ फुटतं. आमचा म्हातारा हेच करायचा बांधावर बसून. शिव्याही द्यायचा. तुम्ही नुसतं फोडा."

मी बांधावर पाय सोडून बसलो. पहिला गड्डा फुटेना. अंगठ्याचं नख खाली घालून पिळला तेव्हा फुटला. मोठ्या पाकळ्या घमेल्यात, बारक्या पिशवीत. दहा-बारा गड्ड्यांनंतर नखाखाली आग सुरू झाली. कंबर दुखत होती, पण बसून दुखत होती. त्या दोघी ओळीनं पुढं सरकत होत्या, आणि घमेलं रिकामं झालं की ममता ओरडायची, "काका, झोपलात का? माल द्या!" मी हात चालवायचो. एकदा बारक्या पाकळ्या घमेल्यात गेल्या, तर तिनं तिथूनच माझ्या अंगावर फेकल्या. "ह्या काय, उंदराला लावायच्यात?" भानुमती तोंडाला पदर लावून हसली.

हळूहळू पाकळी हाताला कळू लागली; न बघताही मोठी कुठली, बारकी कुठली. त्या दोघींना माझ्यासाठी थांबावं लागेना. मी एक घमेलं पुढं गेलो होतो.

ऊन कलायच्या आत वाफा पुरा झाला. ममतानं बादलीत हात धुतले. "फिटली काकू सावड," ती म्हणाली. माझ्या पुढ्यातला सालपटांचा ढीग पाहून म्हणाली, "काकांचीबी फिटली. अर्धी नाही, पुरी."

"खरं सांगतेस की वय बघून?"

"काका, तुम्ही नसता तर आमच्यातलं एक जण फोडत बसलं असतं. मग?"

भानुमती डबा उघडत होती. तिनं मान वर केली नाही, पण पहिली भाकरी माझ्या हातावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी टेबलाशी बसलो. अंगठ्याला पट्टी होती, त्यामुळे अक्षर वाकडं येत होतं. तसंच लिहिलं.

"प्रिय संपत, उत्तराला फार उशीर झाला. लावणी मला येत नाही. इथं करून पाहिली. माझ्याकडून मुळी वर वळते आणि भानुमतीला मागून सगळं परत लावावं लागतं. कंबरही राहत नाही. पण बसून करायचं काम मी दिवसभर करू शकतो. रोप उपटून, निवडून, शेंडे छाटून जुड्या हातात देईन. लागेल तेवढंच उपटीन, सगळं एकदम नाही. यात मला गावात पुरा माणूस धरतात की अर्धा, ते तू ठरव. भानुमती पुरी आहे. केतनला पसंत नाही. तरी आम्ही येतो. मोटर काढू नकोस."

वाचून भानुमतीला दाखवलं. 'केतनला पसंत नाही' या ओळीवर तिचं बोट थांबलं. "हे कशाला?"

"खरं आहे म्हणून."

तिनं पत्राची घडी घातली. चप्पल घातली.

पोस्टात रांग होती. खिडकीतल्या मुलानं पाकीट उलटून पाहिलं. "पाने वाले का मोबाइल नंबर?"

"उन्हें सुनाई नहीं देता."

"अंकल, सुनने को कौन बोल रहा है? नंबर डालना पड़ेगा. सिस्टम आगे नहीं जाएगा."

मागून कुणीतरी म्हणालं, "अरे बाबूजी, साइड हो जाओ ना." अशा वेळी मी बाजूला होतो. आजवर किती खिडक्यांवरून मी असा बाजूला झालो असेन. पाय वळलेही. मग पत्रातली 'दसऱ्याला रोप टाकतो' ही ओळ डोळ्यांपुढं आली. संपतची रोपं आतापर्यंत चार बोटं वर आली असतील, आणि रोज सकाळी तो मोटरीकडं बघत असेल.

"मेरा नंबर डालो," मी म्हणालो. "मैं वहीं जा रहा हूँ."

त्या मुलानं मान वर करून पाहिलं, नंबर टाकला, चिठ्ठी चिकटवली आणि पाकीट मागच्या पोत्यात फेकलं. ते आत पडलेलं मी पाहिलं.

बाहेर भानुमती पायरीवर बसली होती. "गेलं?"

"गेलं."

"बरं." ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "मग गाडीच्या तिकिटांचं केतनला तुम्ही सांगायचं."

"मी?"

"मग कोण? तुमच्या वाट्याचं आहे ते."